भालूच्या बकऱ्या

प्रिय नाना,

काल तळोज्याच्या कारखानेवाल्या शेठना तोंडावर 'नाही' सांगून आले. बरं वाटतंय. ते भालूला परत मागत होते. 'परत' म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊकच नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाला आता कशाला सांगायचं? पण दोन वर्षं मी हे पोटात ठेवलंय. आज सांगूनच टाकते.

तुमचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी तुमचा भालू देऊन टाकला.

चिडलात ना? चिडा! पण नाना, तुम्ही तरी काय केलं होतंत? लष्करातून निवृत्त होताना माणसं ट्रंका आणतात. तुम्ही गढवालच्या एका मेंढपाळाकडून टोपलीत कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलात. बिबट्याला अडवणारी भोटिया जात, पहाडातसुद्धा आता अस्सल मिळत नाही, असं येईल त्याला सांगायचात. पण त्या बर्फातल्या केसांनी पनवेलच्या घामात काय करायचं? रोज विंचरणं, ओली गोणपाटं अंथरणं, पावसाळ्यात कानांतल्या गोचिड्या काढणं, सगळं तुम्हीच केलंत. आम्हाला काही शिकवलं नाहीत. तुम्ही गेलात आणि तो दारात आडवा पडून दिसेल त्याच्यावर भुंकत राहिला. दूधवाला जिन्याखालूनच हाका मारायचा. सोसायटीची चिठ्ठी आली. तेव्हा शेठ म्हणाले, "आमच्या कारखान्यात भरपूर मोकळी जागा आहे." मी विश्वास ठेवला. खरं सांगू? ठेवायचाच होता, म्हणून ठेवला.

महिन्यानं बघायला गेले. पत्र्याच्या शेडपाशी दोन हात साखळीला तो बांधलेला. नाकाला झोंबणारा वास. केसांच्या जटा झालेल्या, पट्ट्याखाली मान सोललेली. नाना, तो भुंकला नाही हो! माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान परत खाली ठेवली.

मी साखळी सोडायला लागले तसा वॉचमन धावत आला. "मॅडम, साहेबांना विचारल्याशिवाय नाही नेता येणार."

"देताना मी दिला, नेतानाही मीच नेणार. साहेबांना सांगा, नानांची मुलगी आली होती."

इतक्या मोठ्यानं मी शाळेतल्या पोरींवरही कधी ओरडले नव्हते.

घरी नेणं शक्य नव्हतं. कोन गावच्या हिराबाई आठवतात? ज्यांच्याकडून तुम्ही वालाच्या शेंगा घ्यायचात? टेम्पो सरळ त्यांच्या वाडीवर नेला.

"बाय, यो कुत्रा नाय, आसवल हाय!" त्या मागेच सरकल्या. "माज्या बकऱ्या फाडून खाईल यो."

"आठ दिवस, हिराबाई. लांब बांधते."

गुरांचे डॉक्टर म्हणाले, सगळे केस कापू नका, उन्हापासूनही तेच सांभाळतात, नुसत्या जटा सोडवा. मग रोज शाळा सुटली की एसटीनं कोन, आणि हातात तुमचा कंगवा. तो गुरगुरायचा. मला भीती वाटायची. तरी बसायचे.

पाचव्या दिवशी जरा पाय मोकळे करावेत म्हणून मी त्याला सोडलं. बकऱ्या उधळल्या. तो जिथल्या तिथं बसला आणि तोंड फिरवून भलतीकडेच बघत राहिला, त्यांची भीती मोडेपर्यंत. संध्याकाळी एक करडू त्याच्या पाठीवर चढलं होतं!

रविवारी दुपारी ओढ्याकडून मोकाट कुत्र्यांची टोळी आली. आधी त्यांनी हिराबाईंची दोन करडं नेली होती. भालू उठला आणि बकऱ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. मग असा भुंकला, की माझ्या छातीत घुमलं. टोळी पांगली. तो मागे धावलाही नाही. परत येऊन एकेक करडू हुंगलं आणि बसला. हे त्याला कुणी शिकवलं होतं, नाना? टोपलीतून आला तेव्हा धड चालताही येत नव्हतं त्याला!

"ऱ्हाऊ दे बाय त्याला," हिराबाई म्हणाल्या. "आता यो माजा."

आपण त्याला तापट म्हणायचो. राखायला त्याला आपण काही दिलंच नव्हतं, नाना. म्हणून तो आपल्यालाच राखत बसला.

आता नव्या रस्त्याच्या मोजणीचे दगड हिराबाईंच्या वाडीत पडलेत. वाडी जाणार. हे शेठना कळलं आणि ते पुन्हा आले. "दुर्मिळ जात आहे, पिल्लं काढू." आईसुद्धा म्हणाली, देऊन टाक, सुटशील. म्हणूनच काल जाऊन सांगून आले.

आकुर्लीची जागा तुम्ही माझ्या लग्नासाठी ठेवली होतीत. मी बत्तीस वर्षांची झाले. लग्न व्हायचं तर जागेविना होईल. तिथं हिराबाईंच्या बकऱ्यांसाठी आणि भालूसाठी कुंपण घालतेय, सोमवारी खांब येतील. हिराबाईंनी एवढंच विचारलं, "पानी हाय का तिथं?" विहीर आहे म्हटल्यावर हो म्हणाल्या.

दोन शब्द देते. पहाडातलं दुसरं पिल्लू या उकाड्यात मी आणणार नाही, कुणी विचारलं तर आणूही नका म्हणून सांगेन. आणि भालू म्हातारा होईल तो बकऱ्यांमध्येच. त्याला उठवेनासं झालं, तर मी आणि हिराबाई त्याला गोणपाटावर घेऊन उन्हातून सावलीत नेऊ, रोज, आणि तिथून त्याला सगळ्या बकऱ्या दिसतील.

तुमची,
सुनंदा