बिननंबरची फळी

दादा,

चुका होतील, हसू नकोस. शाळा सुटली तशी लिहायची सवयच गेली, मोबाईलवर एकेक अक्षर शोधतेय.

रस्ता रुंद होणार म्हणून आपलं लाकडी घर सुटं करून टेकडीवर परत उभं केलं. फळ्यांवर नंबर घालायचं काम माझं. दाराजवळची, तुझ्या उंचीच्या खुणांची फळी मीच उचलून नेणार होते, म्हणून तिच्यावर नंबर घातलाच नाही. सुतारकाका म्हणाले, "अगं पोरी, मला जास्तीची वाटली." त्यांनी तिच्या पाचरी करून घराखाली ठोकल्या.

बाबा दाराशी ती फळी शोधतात. पाचरींचं त्यांना अजून सांगितलं नाही. तू आलास की तिथे उभा राहशील? नव्या फळीवर तुझी खूण करू.

हे पाठवायचा धीर नाही.

तुझी ठेंगी

ता. क. मांजरीला तीन पिल्लं झाली.