हॉइटकाकांचा डबा

हार्लन, टेक्सास
५ सप्टेंबर २०१७

ती. ओलीनमावशीस,
क्लेटनचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही, म्हणून या वयात मला पत्रं लिहायला शिकावं लागतंय. अक्षराला हसू नकोस.

हॉइटकाकांचं टायरचं दुकान आता तुला ओळखू येणार नाही. तेलाचे डाग खरवडले, टेबलांवर हिरवं कापड चढवलं, आणि पुढचं लोखंडी शटर काढून काचेचं मोठं दार लावलं. काकांच्या पोकरच्या डावाला मागच्या दाराला डोळा लावायचं भोक होतं. माझ्या पोकरच्या क्लबात चर्चला जाणाऱ्या बायांनाही रस्त्यावरून आतलं सगळं दिसलं पाहिजे. लपवण्यासारखं काही ठेवायचंच नाही.

वकिलाने नियम घोकून घेतलाय. सभासदांकडून खुर्चीचं तासाचं भाडं घ्या, कॉफी विका, चिलीचा रस्सा विका, काही हरकत नाही. पण डावात पैशांऐवजी लावलेल्या चकत्यांच्या राशीतली एक चकतीही जिंकणाऱ्याशिवाय कुणाकडे गेली, की तो क्लब राहिला नाही, जुगाराचा अड्डा झाला. म्हणून माझी पत्ते वाटणारी डार्ला राशीला पुढे ढकलण्यापुरताच हात लावते.

लोर्नाने शाळेतली नोकरी सोडली, ती गल्ल्यावर बसते. मार्चमध्ये बाळ येईल. दोघांनी सगळं यातच घातलंय, तेव्हा तुझा आशीर्वाद नुसता तोंडदेखला नको.

माया असू दे. रागावली असलीस तर तेही लिहून पाठव.
तुझा,
क्लेटन

---

मेस्कीट बेंड
१४ सप्टेंबर

चि. क्लेटन व चि. सौ. लोर्ना यांस अनेक आशीर्वाद.

रागावले आहेच. तुझ्या आईने मरताना तुला माझ्या ओटीत टाकलं ते पत्त्यांच्या टेबलावर बसवायला नव्हे. पण तू हॉइटचाच भाचा, पालथ्या घड्यावर पाणी. निदान त्याचं शहाणपण तरी घे.

त्याचा डाव एकदा बंदूकवाल्यांनी लुटला, हे तुला माहीत आहे. त्यांचा माणूस आधी महिनाभर टेबलावर येऊन बसत होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. हॉइट नंतर म्हणायचा, की खेळणारा माणूस दाराकडे पाठ करून कधी बसत नाही. जो खुशाल बसतो तो एक तर अडाणी, नाही तर आत कोण येणार हे त्याला आधीच ठाऊक. तुझ्या काचेच्या दाराकडे पाठ होईल अशी एक खुर्ची असणारच. ती कोण मागतो तेवढं बघ.

सोबत त्याचा कॉफीचा डबा पाठवते आहे. मोठ्या डावातली एक चकती त्यात पडायची, अडल्यानडल्यासाठी. या डब्यावर गावातल्या तीन बाळंतपणांचं आणि एका दफनाचं भागलं. तो टेबलावर ठेव. पत्त्यांच्या घराला दुसरं पुण्य कुठलं असणार.

लोर्नाला जड उचलू देऊ नकोस.
तुझी मावशी,
ओलीन

---

हार्लन
९ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

डबा पोचला. आत अजून काकांच्या तंबाखूचा वास येतो. मी त्याला छोटं कुलूप लावून तो मधल्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की ज्याला वाटेल त्याने जिंकल्यावर स्वतःच्या चकत्यांतली एक टाकावी. वकिलाचंही मोडत नाही आणि तुझंही राहतं. सध्या डबा व्हर्जिलच्या बायकोसाठी आहे. व्हर्जिल म्हणजे आपला वेल्डर. ती आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जाते.

क्लब चालतोय, मावशी. गुरुवारी खुर्ची मिळत नाही.

आता हस मला. ती खुर्ची मागणारा एक निघालाय. रसेल नाव, घोड्यांची खोगिरं विकतो म्हणतो. बाकीचे ती खुर्ची टाळतात, हा पहिल्या दिवसापासून तिथेच. सांगतो, की तिथे एसीचा गार वारा मानेला लागत नाही. हरला तरी कुरकुर नाही, डार्लाला बाईसाहेब म्हणतो, परवा तर बायकोच्या हातचा गोड, ताजा भाजलेला पीकन पाय घेऊन आला. असा दरोडेखोर मला रोज मिळो.

तुझा,
क्लेटन

---

मेस्कीट बेंड
१७ ऑक्टोबर

चि. क्लेटन यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मी दोनदा उठून कडी तपासली. त्या पीकन पायवाल्याला दुसऱ्या खुर्चीवर बसव. बसला नाही, तर त्याचं सभासदत्व रद्द कर. लुटारू गोडबोलाच असतो रे, खेकसणाऱ्याला आत घेतो कोण? मागच्या वेळीही त्या माणसाने मला बागेत टोमॅटो लावून दिले होते.

आणि डब्याचं तू काय करून ठेवलंस? जिंकल्यावर आपल्या हाताने टाकायची म्हणजे चारचौघांत मोठेपणा मिरवायचा. हॉइटची रीत तशी नव्हती. शेवटचे पत्ते उघडायच्या आधी, रास कुणाची हे कुणालाच माहीत नसताना, वाटणाऱ्याने त्यातली एक उचलून डब्यात टाकायची. मग ती कुणाची गेली हे देणाऱ्यालाही कळत नाही. व्हर्जिलला उद्या कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही. ते दान. तू करतोस ती जाहिरात.

वकील बरा असेल, पण त्याला हॉइट ठाऊक नव्हता. करायचं तर नीट कर, नाही तर डबा मला परत पाठव.

तुझी मावशी,
ओलीन

---

हार्लन
६ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हरलो बुवा तुझ्यापुढे. काकांच्या रीतीने सुरू केलं. डार्लाने पहिली चकती उचलून डब्यात टाकली. व्हर्जिल उठून बाहेर गेला आणि डोळे पुसून आला. वकिलाला सांगितलेलं नाही. एका चकतीने काय आभाळ कोसळतंय?

रसेललाही फार आवडलं. ही रीत कुणाची, चकती नेमकी केव्हा उचलायची, डब्याची किल्ली कुणाकडे, सगळं विचारून घेतलं. त्याच्याशेजारी नवा माणूस बसला होता, त्यालाही पुन्हा समजावून सांगायला लावलं. मी तुझं नाव घेतलं नाही, नाही तर तुझ्या दारातही पीकन पाय येऊन पडला असता.

खुर्ची बदलायला सांगितली. हसला आणि मानेला हात लावला. पण तुझ्या जिवाला घोर नको म्हणून दाराला भक्कम कुलूप बसवलं, कॅमेरा लावला, बिली रे याला बंदूक घेऊन दाराशी पहाऱ्याला उभं केलं. आता कुणी लुटायला आलं तर त्याचीच दया येईल.

उत्तरेचा गार वारा सुटलाय. शेकोटीजवळ बस.
तुझा,
क्लेटन

---

मेस्कीट बेंड
१३ नोव्हेंबर

चि. क्लेटन यास आशीर्वाद.

खोगिरं विकणाऱ्याला किल्लीशी काय करायचंय? पत्र मिळताच क्लब आठवडाभर बंद ठेव. लोर्नाला इकडे पाठव. मी म्हातारी आहे, भित्री आहे, काय म्हणायचं ते म्हण. पण हे एवढं ऐक.

ओलीन

---

हार्लन
२१ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ते आले गुरुवारी.

लुटारू नव्हते गं. पोलीस होते. कुलूप मोडावं लागलं नाही, भरदुपारी दार उघडंच होतं. बिली रेने बंदूक खाली ठेवली. सगळे उठून उभे राहिले, एकटा रसेल बसून राहिला. त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मग शांतपणे डबा उचलला आणि आपल्या साहेबाच्या हाती दिला.

सभासदांची नावं, खुर्चीचं भाडं, कॅमेरा, सगळं त्यांनी तपासलं. सगळं कायद्यात बसतं. डबा तेवढा बसत नाही. कॅमेऱ्यात डार्लाचा हात स्पष्ट दिसतो, रास कुणाची हे ठरायच्या आधी आत जाणारा. त्यांच्या कागदावर लिहिलंय, की चालक प्रत्येक मोठ्या डावातून हिस्सा काढत होता. व्हर्जिलने साक्ष दिली, की तो हिस्सा त्याच्या आजारी बायकोसाठी होता. वकील म्हणतो, त्यामुळे घेणारी सापडली, केस आणखी पक्की झाली.

मी जामिनावर घरी आहे. काचेच्या दाराला सील लावलंय. सुनावणी मार्चमध्ये, बाळाच्याच दिवसांत. वर्षभर आत जावं लागेल असं वकील धरून चालतो. लोर्ना बाळाचे कपडे पुन्हा पुन्हा घड्या घालून ठेवते. मला भीती वाटते, मावशी.

कल्पना कुणाची असं त्यांनी विचारलं. माझी, असं सांगितलंय. तू यात पडू नकोस. तुझी पत्रं मी जाळून टाकतो.

तुझा,
क्लेटन

---

मेस्कीट बेंड
२७ नोव्हेंबर

चि. क्लेटन यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

माझं एकही पत्र जाळायचं नाही. ऑक्टोबरचं तर मुळीच नाही. ते वकिलाच्या हातात दे. करायचं तर नीट कर, असं मी त्यात लिहिलंय, ते त्याला वाचून दाखव.

मी दाराकडे बघत बसले आणि घात माझ्याच पार्सलातून गेला. तू बरोबर केलं होतंस. तुला ठाऊक होतं, वकिलाला ठाऊक होतं, मीच शहाणपणा करून तुझा हात धरून तो राशीत घातला.

शेजारचा अर्ल मला शनिवारी हार्लनला आणून सोडेल. लोर्नाच्या बाळंतपणापर्यंत मी तिथेच राहीन. कोर्टात मला ऐकू येणार नाही, तर प्रश्न कागदावर लिहून द्या म्हणावं. त्यांनी मला दोषी धरलं तर धरू देत. माझी वाट बघणारं आता पाळण्यात कुणी नाही.

डब्यात चकती कुणाची गेली हे कुणाला कळू नये, हीच हॉइटची रीत होती. चूक कुणाची, हे मात्र कळलं पाहिजे. म्हणून आज खाली नुसती मावशी लिहीत नाही.

ओलीन मे प्रूइट
हॉइट प्रूइटची बायको, डब्याची मालकीण