ताई म्हणाला म्हणून

रत्नदीप,
जयभीम.

अम्युझमेंट पार्कातल्या राइडवर पट्टा बांधताना तिथल्या माणसाने माझ्या छातीवरून हात फिरवला आणि वर म्हणाला, "ताई, हलू नका." मॅनेजरकडे गेले, तर त्याने फुकट पास पुढे केला. म्हणून मी पार्कवरच केस टाकली.

काल कोर्टात त्यांचा वकील म्हणतो, "जो ताई म्हणतो, त्याची नजर वाईट कशी असेल?"

आणि संध्याकाळी तुझा फोन. "ताई, केस मागे घे, ठाकुर्लीत नातेवाइकांत चर्चा होतेय." होऊ दे! तूही तेच सांगतोयस की रे, ताई, हलू नका.

हे पत्र पाठवत नाही. रविवारी बाळकुमला तुझ्या घरी येऊन तोंडावर सांगेन, केस चालणार. आणि निकाल लागेपर्यंत मला ताई म्हणायचं नाही. नावाने हाक मारायची.

स्वप्ना