तहनाळ

डोंगरकडा, १८ ऑक्टोबर २०२५

ती. विश्वंभरमामांस,
साधनाचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईल पोलिसांनी नेला, म्हणून पत्र. गेल्या रविवारी बोअरच्या पाण्यावरून हे आणि देविदासभाऊजी शेतात भिडले. भाऊजींनी फावड्याच्या दांड्याने ह्यांचा खांदा फोडला. हे रक्ताळलेले घरी आले, देवघरातली तलवार उचलली आणि परत जाऊन म्यानासकट भावाच्या पोटात घातली. भाऊजी आतडी हाताने आत दाबून बांधावर बसले होते. मी पाहिलं. ते आता नांदेडला दवाखान्यात, हे कोठडीत.

सासूबाई म्हणतात, भागवतचा दोष न्हाई. भावावर तलवार उपसणार नाही, अशी शपथ मामंजींनी मरताना दोघांना घातली होती. ह्यांनी ती उपसलीच नाही. ढकलायला गेले, जुनं म्यान फाटलं. तलवार तपासणारे गृहस्थ मात्र म्हणाले, म्यानाला तहनाळ नाही. ती कधीच नव्हती असं मी कोर्टात सांगावं, म्हणजे हे सुटतील, असं वकिलांचं म्हणणं. मामा, तहनाळ म्हणजे काय, तेच मला ठाऊक नाही.

माया आहे ती आटू देऊ नये.
तुमची साधना

कळमनुरी, २२ ऑक्टोबर

चि. सौ. साधनास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आपल्या गोतावळ्यात मला शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही. लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या तेवढ्या तपासून घेतात. तू विचारलास, तोही असा.

म्यानाला संस्कृतात कोष म्हणतात. तहनाळ मात्र माझ्या संस्कृतच्या इलाख्यातली नव्हे, फारसीकडून आलेली. तह म्हणजे तळ. म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्या, वरून कातडं. तोंडाशी धातूचं कडं असतं ती मोहनाळ. खालच्या टोकाला धातूचं टोपण असतं ती तहनाळ. पात्याचं टोक लाकूड फोडून धन्याच्याच पोटरीत शिरू नये, म्हणून ती. जुन्या लोकांना स्वतःच्या पोटरीची फार काळजी.

ती जागेवर असेल, तर म्यानासकट मारलेली तलवार म्हणजे काठी. बरगडी मोडेल, पोट फाटणार नाही. ती काढून खालचं लाकूड चार बोटं कापलं, तर तीच तलवार न उपसता भाला होते.

टोपण होतं की नव्हतं, हे तुलाच ठाऊक. दसऱ्याला हत्यारं तूच घासतेस. भागवत माझा लाडका जावई. बुद्धिबळात मुद्दाम माझ्याकडून हरण्याइतका सभ्य. तरी तू काय सांगावंस, हे मी सांगणार नाही. साक्ष तुला द्यायची आहे, आणि देविदासला तोंडही तुलाच दाखवायचं आहे.

उलट टपाली चार ओळी पाड.
आ. विश्वंभर

डोंगरकडा, २७ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

देविदासभाऊजी शुक्रवारी गेले. जखम सडली होती.

टोपण होतं. पितळेचं. दसऱ्याला मीच चिंचेने घासलं. त्याला तहनाळ म्हणतात, एवढंच माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचून ह्यांची अवजारांची पेटी उपसली. आरीखाली सापडलं. आत म्यानाचं चार बोटं लाकूड तसंच घट्ट बसलेलं, काप सरळ आणि ताजा. त्या दिवशी तर हे तलवार उचलून तसेच परतले होते. म्हणजे भाऊजींनी दांडा उचलायच्या आधीच हे कापून तयार होते.

परत पेटीत टाकावं, असंही मनात आलं. पण सासूबाई दिव्यापाशी बसून विचारत होत्या, भावाच्या तेराव्याला भागवतला सोडतील का. मी ते त्यांच्या हातावर ठेवलं आणि कुठे मिळालं ते सांगितलं. बराच वेळ त्या बोटाने काप चाचपत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "शपथ पाळायला आरी लागती व्हय रे, भागवता?"

सुतकात बाहेर पडू नये, असं शेजारणी म्हणत राहिल्या. आम्ही दोघी ठाण्यात गेलो. जबाबाखाली सही माझी आहे, मामा. सासूबाईंनी माझा हात मनगटाशी धरून ठेवला, म्हणून ती नीट आली.

मामींना नमस्कार. मला अंतर देऊ नये.
साधना