स्टेजवर मी बदाम म्हणाले

पुणे, १२ जानेवारी

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे. गुडघा जरासा सुजलाय, पण चालता येतं. बाबांची बोट आली का?

आमच्या कॉलेजने मुलींची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. शेवटची बास्केट माझी. खोलीत वास येतो म्हणून तू दिलेले सुके बोंबील जिने फेकायला लावले, त्या मृण्मयीनेच मला उचलून घेतलं.

बक्षीस देताना पाहुण्यांनी माइकवर विचारलं, "एवढी ताकद कुठून आणलीस गं? घरी खातेस तरी काय?" मृण्मयी शेजारीच उभी होती. मी म्हणाले, "बदाम. आई रोज भिजवून देते."

खूप टाळ्या पडल्या. पेपरातही तेच छापून आलंय. पेपर तुझ्या हाती पडेल, त्याआधी मीच सांगते. उन्हात बांबूवर बोंबील टांगून तू मला कॉलेजपर्यंत शिकवलंस. समानतेवर भाषणं देणाऱ्या मला तेवढा एक शब्द उच्चारता आला नाही.

काल पाहुण्यांनी किलोभर बदाम पाठवले. मुली मुठीने खातायत. माझ्या घशाखाली एकही उतरत नाही.

तुझीच,
निशिगंधा