नव्या गाडीची चौकशी

प्रिय धाकट्या,

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. हा उशीर चार-आठ दिवसांचा नाही, नऊ वर्षांचा आहे, हे मलाही कळतं. फोन करायचं दोनदा मनात आणलं. पण तू उचललास तर काय बोलू आणि नाही उचललास तर काय करू, या दोन्ही भीतींनी तो खाली ठेवला. कागदाचं बरं असतं, तो मध्येच उठून जात नाही. माझी शाळा सातवीतच सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलंमाकलं सांभाळून घे.

आधी कामाचं लिहितो. नवी गाडी घ्यायची आहे. हसू नकोस, माझ्यासाठी नाही. मला अजून सायकलसुद्धा वळवताना खाली उतरावं लागतं. गाडी आपल्या चिमणीसाठी हवी आहे. ती आता नर्स झाली आहे, गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात. तिच्या पाळ्या बदलत्या आणि तिकडची बस सातला बंद होते. माझ्या नकळत ती गाडी शिकली, परवाना काढला आणि जेवताना तो माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली, बाबा, आता एकदाच काय ते घाबरून घ्या, रोज थोडंथोडं नको. तेव्हापासून मी रोजच घाबरतो, आणि तेही थोडंथोडकं नाही.

पैसे बेताचे आहेत. तिने साठवलेले आणि मी दुकानाची जागा सोडली तेव्हाचे, एवढेच. तेवढ्यात जुनी पण मोठी गाडी येईल असं शेजारचे मास्तर म्हणतात. मी म्हटलं नको, आधीच्या मालकाने तिचं काय करून ठेवलंय कुणाला ठाऊक. नवी घ्यावी, लहान चालेल, पण भरवशाची हवी. भरवशाची कोणती, ते मात्र कुणी सांगत नाही. चार माणसांना विचारलं तर पाच सल्ले मिळाले. एक म्हणतो पत्रा जाड बघा, दुसरा म्हणतो सर्व्हिसिंगचं दुकान जवळ असेल ती घ्या, तिसरा म्हणतो क्लच नसलेली घ्या, बाईमाणसाला बरी. त्यावर चिमणी म्हणाली, त्यांना म्हणावं बाईमाणूस दिवसभर तुमच्यासारख्यांना इंजेक्शनं देतं, क्लच कसला घेऊन बसलात. जीभ तुझ्या वहिनीची घेतली आहे तिने.

या सगळ्यांत गाडीतलं खरं कळणारा माणूस मला एकच माहीत आहे. शाळेची बस तू सतरा वर्षं चालवलीस, पण कुणाच्या पोराचं साधं टोपरंसुद्धा खिडकीबाहेर पडू दिलं नाहीस. गाडी सुरू करण्याआधी तू तिन्ही पेडलं एकेकदा दाबून बघायचास. मी विचारलं तर म्हणालास, दादा, हात लावायच्या आधी पायाने ओळख करून घ्यावी, म्हणजे ती रुसत नाही. मी तेव्हा तुला खुळा म्हटलं होतं. आता चिमणीला ते शिकवायला हवं, आणि मला ते येत नाही.

गेल्या सोमवारी आम्ही दोघं गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. फरशी अशी गुळगुळीत की मी भिंतीच्या कडेकडेने चाललो. तिथल्या विक्रेत्या बाईंनी आजोबा आजोबा करत खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते, एकूण तेवीस. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली, सतराव्याला फक्त जराशी जांभई दिली. सीटची शिवण मी उलटीपालटी करून पाहिली, टाका लांब टाकलाय. चाळीस वर्षं सीटकव्हरं शिवली, डोळा तिथेच जाणार. मग खाली बघितलं तर पायाखालच्या मॅटला दोन भोकं आणि ती दोन्ही हुकात अडकवलेली. मी विचारलं, ही बांधून का ठेवली, चोरीला जाते का? त्या हसल्या. म्हणाल्या, नाही हो आजोबा, मोकळी राहिली तर पुढे सरकते आणि ब्रेकखाली जाऊन बसते. मग कितीही दाबा, ब्रेक खाली जात नाही. लोक हौसेने वरून दुसरी जाड मॅट टाकतात ना, ते तर मुळीच करू नका.

हा चोविसावा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. मला बसल्या जागी घाम फुटला. चिमणी नाडी बघायला लागली. मला बरं वाटत नाही म्हणालो आणि आम्ही गाडी न घेताच घरी आलो.

तुला आठवतं ना, त्या दिवशी तू तुझ्या वहिनीला चष्म्याच्या डॉक्टरांकडे नेत होतास. गाडी आपली लहान निळी, दाराला पोचे पडलेली. आदल्या संध्याकाळी मी तिच्यासाठी मॅट शिवली होती. दुकानात गालिच्याचा एक जाड तुकडा उरला होता. त्याला चारही बाजूंनी रेक्झिनची पट्टी लावून दुहेरी शिलाई मारली, कड अशी कडक की वाकवून वाकेना. रबराची जुनी मॅट होती, तिच्यावरच टाकली. तुझी वहिनी म्हणाली, अहो, ही गाडी आहे की दिवाणखाना, आता चपला बाहेर काढून बसायचं का? खूश होती मात्र. तुला सांगायचं राहिलं. सांगायचं काय, मॅटच तर होती, असं वाटलं.

ती गेली त्या दिवसापासून तू एकच सांगत होतास, की उतारावर पाय दाबला पण ब्रेक खाली गेलाच नाही. इस्पितळात कपाळाला टाके घालताना तेच, पोलिसांपुढे तेच. मेकॅनिकने गाडी तपासली. ब्रेकचं तेल बरोबर, नळी शाबूत, काही दोष नाही. मग लोकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, तुझा सख्खा भाऊ, म्हणालो की आदल्या दिवशी याची जास्तीची फेरी झाली होती, डोळा लागला असेल. तुझ्या शाळेतून विचारायला आले त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी बसच्या किल्ल्या काढून घेतल्या. तू अंगणात उभा राहून एवढंच म्हणालास, दादा, मी झोपलो नव्हतो. मी दार लावून घेतलं. आता कुठल्या गोदामावर राखणदारी करतोस असं कळलं. गाडीला तू परत हात लावला नाहीस असंही कळलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते लिहितो, नाहीतर कागद संपेल आणि मला बरंच वाटेल. शोरूममधल्या बाईंनी मला नवीन काही सांगितलं नाही, धाकट्या. तुझ्या वहिनीच्या पर्स-चपलांबरोबर पोलिसांनी ती मॅटही परत दिली होती. एका कडेची पट्टी दबलेली, वर ब्रेकच्या लोखंडाचा बोटभर काळा ठसा आणि तिथलाच टाका तुटलेला. दोरा ओढून तुटला तर त्याचं टोक पिसारतं, दाबाने तुटला तर चपटं होतं. हे ओळखायला मला शाळा लागत नाही, पोटच त्यावर भरलंय. तो दोरा चपटा होता. मी तो पहिल्याच आठवड्यात पाहिला. पाहिला आणि मॅट शिवणाच्या मशीनखाली अंथरली, ती कड भिंतीकडे करून. नऊ वर्षं मी तिच्यावर पाय ठेवून लोकांची सीटकव्हरं शिवली. तू झोपला होतास हे मला हवं होतं, कारण तू झोपला नव्हतास तर तिला मी मारलं होतं. ती मॅट मी आजवर धुतलेली नाही, फेकलेली नाही, कागदात बांधून ठेवली आहे. तुझ्या शाळेत, पोलिसात, जिथे म्हणशील तिथे घेऊन येतो आणि माझ्या तोंडाने सांगतो. चिमणीला अजून बोललो नाही. मी सांगितलं की ती पहिलं विचारेल, काकांना कळवलंत का. तेव्हा मला हो म्हणता यावं म्हणून आधी तुला लिहिलं. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एवढंच मागतो की ती गाडी घेईल तेव्हा पहिल्या दिवशी तू तिच्या शेजारी बस. माझ्या घरात पाणीही पिऊ नकोस हवं तर, कोपऱ्यावरूनच गाडीत बस आणि कोपऱ्यावरच उतर. तू हो म्हणेपर्यंत मी गाडी घेणार नाही, आणि ती रोज अंधारात रस्त्यावर उभी राहून कुणाकुणाच्या गाडीला हात करते. तेव्हा हो असो की नाही, शिवी असली तरी चालेल, पण चार अक्षरं लवकर पाठव.

तुझाच,
दादा