परळच्या सिग्नलवरची फुली

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
उर्मिला चिंतामणी त्रिलोकेकर, तुझे संपूर्ण नाव लिहिण्याचे कारण इतकेच की प्रकरण गंभीर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, रुळांवरच्या लोखंडी कमानीवर जो सिग्नल आहे, तो रेल्वे काढणार आहे. कमानींवरचे सगळेच जुने दिवे जाणार, बाजूला खांब रोवून त्यांवर एलईडीचे नवे सिग्नल बसणार. ही वार्ता शेजारच्या आनंदीबाईंनी दारातूनच दिली. शेजारधर्म म्हणून ऐकून घेतली. विश्वास ठेवला नाही.
मी अत्यंत शांत आहे. खिडकीशी वारंवार जाणे हवेसाठी आहे.

सायंकाळ. उर्वीचा फोन. माहीमला कायमचे राहायला या, हा मुलीचा नेहमीचा विषय. “बाबा, त्या घरात असं काय आहे, जे माझ्याकडे नाही?” मी म्हणालो, सिग्नल दिसतो. तुझे नाव घेणे भावुकपणाचे दिसले असते. ती म्हणाली, “ठीक आहे. सिग्नल गेला की यायचं. शब्द?”
शब्द दिला. निर्धास्त आहे. सरकारी काम, आणि तेही माझ्या हयातीत!
घर ज्ञातीच्या ट्रस्टचे, आणि त्यासाठी एक कुटुंब खोळंबून आहे; म्हणून ट्रस्टच्या निलेशलाही कळवले की जागा सोडण्याचा प्रश्न सिग्नलशी संलग्न आहे. तो “बरं” म्हणाला. समजले नसावे.

५ फेब्रुवारी, बुधवार.
खांब रोवला. वर नवा सिग्नलही चढवला. त्याचे तोंड असे वळवले आहे की मोटरमनखेरीज कोणालाही रंग दिसू नये. हा शिष्टाचार नव्हे.
संकल्प: जेवताना खिडकीशी उठायचे नाही.

रात्रीचे जेवण. उठलो. वरण गार झाले. दोष वरणाचा, आनंदीबाई डबा फार लवकर आणून देतात.
शेवटच्या वर्षी तुझी कॉट स्वयंपाकघरात आणली होती, तरी उशीवरून तुला सिग्नल दिसत नसे. तू विचारायचीस, “काय आहे?” मी पाहून सांगायचो, पिवळा. किंवा दोन पिवळे. तू म्हणायचीस, “येईल मग गाडी.” दिवसभराचे आपले संभाषण बहुधा एवढेच. त्यात वाद झाला नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.
मी अजूनही सांगतो. सवय म्हणून नव्हे. कळवणे हे कर्तव्य आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
कामावरच्या इंजिनिअरची भेट घेतली. अपूर्वा नावाची तरुण मुलगी. उठून खुर्ची दिली. मी कमानीचे सौंदर्य, परंपरा आणि रहिवाशांच्या भावना असे तीन मुद्दे क्रमाने मांडले. ती म्हणाली, जुने बल्ब उडतात, नवे दिवे लांबून स्पष्ट दिसतात. मी तडजोड सुचवली: नव्याचे तोंड किंचित आमच्या इमारतीकडे वळवावे. “सर, सिग्नल मोटरमनसाठी असतो.” मी म्हणालो, थांबलेले इतरही असतात.
यावर तिने वहीत काहीतरी लिहून घेतले. मुद्दा पटला असावा.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
विजय.
नव्या सिग्नलवर फुली मारली आहे. दोन पांढऱ्या पट्ट्या, आडव्यातिडव्या, ठळक. जन्मभर कॉलेजात उत्तरपत्रिका तपासल्या; फुलीचा अर्थ मला कोणी शिकवू नये. नवा सिग्नल नापास! माझ्या भेटीचा इतका तातडीने परिणाम होईल, अशी अपेक्षा नव्हती.
आनंदीबाईंना पेढे दिले. पेढा खाऊन त्या म्हणाल्या, “सर, ता रेल्वेचा काम. तुमचा काय जाता?” त्यांना नागरिकशास्त्राची गोडी नाही.
निलेशला कळवले की त्या कुटुंबाने दुसरीकडे पाहावे. उर्वीला कळवले की विषय संपला. ती म्हणाली, “असं कोणी सांगितलं तुम्हाला?” सांगायला कशाला हवे? दिसते आहे.
रंगारी बोलावला. स्वयंपाकघराला फिकट पिवळा. माझी कॉट तुझ्या कॉटच्या जागी सरकवली. तिथे उजेड चांगला येतो, एवढेच.

१६ फेब्रुवारी, रविवार.
उर्वी तुझे कपाट आवरायला आली. रंगकाम चालू असताना साड्या काढणे अयोग्य, असे सांगून कार्यक्रम पुढे ढकलला. रंगकाम काल संपले, हे तिच्या लक्षात आले नसावे. कॉटकडे तिने पाहिले. मग खिडकीशी बराच वेळ उभी राहिली.
मी म्हणालो, पिवळा.
“मला दिसतंय, बाबा.”

२३ फेब्रुवारी, रविवार. मेगाब्लॉक.
सकाळपासून धीम्या मार्गावर गाडी नाही. माणसे नव्या खांबावर चढली आणि फुली काढू लागली. मला वाटले, नापास सिग्नल उतरवत आहेत. खिडकीतून हात केला.
तीच फुली त्यांनी आपल्या सिग्नलवर ठोकली.
तसाच चपला घालून पुलावर गेलो. अपूर्वा नारिंगी जाकीट घालून उभी होती. मी विचारले, ही अदलाबदल कोणाच्या आज्ञेने? तिने समजावून सांगितले. फुली म्हणजे नापास नव्हे. नवा चालू होईपर्यंत फुली नव्यावर होती, आता जुना बंद, म्हणून जुन्यावर. “फुली असली की मोटरमननं तिकडे बघायचं नाही, सर. एवढंच.”
मी तिचे आभार मानले.

सायंकाळ. खिडकीशी गेलो. दिवा विझलेला. तुला काय सांगावे, सुचले नाही.
तथापि शब्द सिग्नल जाण्याचा होता. फुलीसह का होईना, तो कमानीवर आहे. उर्वीला अद्याप कळवण्याचे कारण नाही.

२ मार्च, रविवार.
पुन्हा ब्लॉक. गॅसकटरने कापून दोरांनी खाली घेतला. जमिनीवर फारच मोठा दिसला. तुझ्या उंचीहून अधिक.
उर्वी दुपारी आली. शब्दाची आठवण तिने करून दिली नाही. त्यामुळे मलाच करून द्यावी लागली.

५ मार्च, बुधवार. दुपार.
साड्या उर्वीने दोन ट्रंकांत भरल्या. आनंदीबाई डबा घेऊन आल्या, म्हणाल्या, “मदी मदी येवा, सर,” आणि पदराने विनाकारण दाराची कडी पुसू लागल्या. माहीमचा मुक्काम तूर्त हवापालटासाठी आहे, असे मी त्यांना सांगितले.
निलेश आला. एक किल्ली दिली. त्याने विचारले, दुसरी?
मी म्हणालो, “ती हिच्याकडे असते.”
उर्वीने ट्रंक उघडली, तुझी पर्स काढली, किल्ली माझ्या हातात ठेवली.
दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या परत केल्या.